आधी मीटर वाचा

रात्री झोपताना चार्जरची पिन आठवणीनं काढून ठेवायची आणि सकाळी दहा मिनिटं गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहायचं, हा हिशेब कुठेतरी चुकतो. मोबाइल न जोडता नुसता बोर्डाला लटकणारा आजकालचा चार्जर साधारण ०.१ वॉट खातो, म्हणजे वर्षभरात ०.९ युनिट. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरमधून दहा मिनिटांत १०० लिटर पाणी जातं आणि ते २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला २.३ युनिट लागतात. चार्जरची अडीच वर्षांची पुण्याई एका आंघोळीत वाहून गेली.

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात आणि एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. हे दोन आकडे पाठ असले की घरातला अर्धा हिशेब तोंडी होतो. एकच नियम त्यातून निघतो: जिथे काही तापवायचं किंवा गार करायचं आहे, तिथे ऊर्जा जाते. दिवे, चार्जर, टीव्ही हे त्यापुढे किरकोळ. तरी घराघरांत वाद होतात ते दिव्यांवरून, कारण दिवा दिसतो आणि पाण्यातली उष्णता दिसत नाही.

म्हणून पहिलं काम मीटर वाचण्याचं. रात्री सगळं बंद केल्यावर आकडा लिहून ठेवा, सकाळी कुणी काही सुरू करण्याआधी पुन्हा लिहा. समजा सात तासांत १.४ युनिट पडले, तर घर झोपलेलं असताना २०० वॉट सतत चालू आहेत, वर्षाला सुमारे १,७५० युनिट. साधा घरगुती फ्रिज सरासरी ३० ते ५० वॉट घेतो. उरलेले दीडशे वॉट कोण खातं ते शोधायचं. बहुतेकदा सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, जुना इन्व्हर्टर किंवा कायम चालू राहिलेला गिझर सापडतो. दहा वॉट स्टँडबायवर खाणारं एकच यंत्र वर्षाला सुमारे ८८ युनिट घेतं. त्याला बटण असलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर टाका, पण राउटर आणि फ्रिज त्याच बोर्डावर नकोत. नाहीतर दोन दिवसांत कुणीतरी वैतागून बोर्ड कायमचा चालू ठेवेल.

एखादं यंत्र किती खातं हे मीटरवरूनच कळतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स’ असा एखादा आकडा छापलेला असतो, म्हणजे ३,२०० लुकलुकांना एक युनिट. बाकी सगळं बंद करून ते यंत्र लावा आणि दहा लुकलुकांना किती सेकंद लागतात ते मोजा. पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ नाही. इथेच सगळे चुकतात. ३ कोटी ६० लाखांना इम्पल्सच्या आकड्यानं भागा, मग सेकंदांनी भागा, की वॉट मिळतात. दहा लुकलुकांना साडेबावीस सेकंद लागले तर ५०० वॉट.

गरम पाणी

बादली आणि घड्याळ घेऊन शॉवर एक मिनिट बादलीत सोडा. दहा लिटरच्या वर पाणी आलं तर कमी प्रवाहाचा, सहा-सात लिटरचा शॉवर बसवून जवळजवळ तिसरा हिस्सा उष्णता वाचते. पण विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पाण्याची टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, कारण दहा मीटर उंचीला साधारण एक बार. हवा मिसळणाऱ्या शॉवरना बहुधा एक बारच्या आसपास दाब लागतो. कमी दाबावर त्यातून नुसती धार ठिबकते आणि आठवड्याभरात जुना शॉवर परत येतो. दुसरं म्हणजे, गॅसचा इन्स्टंट गिझर ठरावीक प्रवाहाखाली पेटतच नाही. प्रवाह फार कमी केला की तो पेटतो-विझतो आणि पाणी गरम-गार येत राहतं. शॉवर शरीराला कधी गार, कधी भाजेल असा लागला की दोष बहुधा शॉवरचा नसतो, या उंबरठ्याचा असतो.

साठवणीच्या गिझरचं तापमान कमी करा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. फुप्फुसांचा आजार करणारे लीजिओनेला नावाचे जीवाणू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतात आणि ६० अंशांना मरतात. म्हणून मोठ्या टाकीचं पाणी कायम ४५ अंशांवर कोमट ठेवणं ही चुकीची काटकसर. त्यापेक्षा थर्मोस्टॅट ६० वर ठेवा आणि टायमर लावा, म्हणजे वापराच्या आधी अर्धा-पाऊण तास गिझर चालू होईल आणि बाकी वेळ बंद राहील. ६० च्या वर मात्र नेऊ नका. पाणी जड असेल तर त्यापुढे क्षार भराभर बसतात, कॉइलवर पांढरा थर चढतो आणि गिझर बराच वेळ चालूनही पाणी हवं तसं तापत नाही.

शिजवताना

उकळी आल्यावर आच मोठी ठेवून काहीही लवकर शिजत नाही. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांवर थांबतं. जास्तीची उष्णता फक्त वाफ करते आणि वाफ फार महाग पडते. एक लिटर पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात, तेच पाणी पूर्ण उडवायला २,२५७. सातपट! झाकण ठेवणं आणि उकळी येताच आच मंद करणं, यातली बचत बर्नर बदलण्याइतकी मोठी असू शकते. कुकरमध्ये दाब वाढल्यानं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून वेळ वाचतो. पण पहिली शिटी झाल्यावरही आच मोठीच राहिली, तर प्रत्येक शिटीबरोबर तीच महागडी वाफ बाहेर जाते.

भांडं उकळून, झाकण न उघडता, जाड पांघरुणात किंवा थर्माकोलच्या पेटीत ठेवून बाकीचं शिजवणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. दोन लिटरपेक्षा कमी ऐवज असेल तर ती फसते, कारण भांडं लवकर निवतं. ६० अंशांच्या खाली तासन्‌तास राहिलेलं अन्न धोक्याचं, त्यामुळे वाढण्याआधी पुन्हा उकळी आणा. राजमा पेटीत ठेवण्याआधी पूर्ण उकळीत किमान दहा मिनिटं शिजायलाच हवा, नाहीतर त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन तसंच राहतं आणि पोट बिघडतं.

गार हवा, आणि त्यातला गॅस

भिंतींतून आत येणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ३८ अंश असताना आत २० ठेवले तर फरक १८ चा, २६ ठेवले तर १२ चा. उष्णतेची आवक एक तृतीयांशानं घटली. वर ३० ते ७५ वॉटचा पंखा लावला तर २६ अंशांनाही दोन-तीन अंश कमी वाटतात. १६ वर लावल्यानं खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे, साध्या कॉम्प्रेसरचा एसी १६ ला आणि २६ ला एकाच वेगानं गार करतो. फरक एवढाच, की १६ ला तो थांबत नाही.

एसीतली खरी मेख मात्र विजेत नाही, गॅसमध्ये आहे. आर-४१०ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट तापमानवाढ करतो. घरगुती एसीत तो साधारण एक किलो असतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एक एसी गळून रिकामा झाला तर सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात साडेतेरा हजार किलोमीटर जाते. एवढं नुकसान घरात कुणाला दिसतही नाही, ‘गॅस कमी झालाय, भरून टाकतो’ एवढंच ऐकू येतं.

एसीचा गॅस वापरल्यानं संपत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला याचा अर्थ गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅसही जाणारच. गळती बहुतेकदा बाहेरच्या युनिटजवळच्या पितळी नटांपाशी असते. साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते आपल्यासमोर पाहायला सांगा. तेलकट डाग दिसला तर जागा जवळपास सापडलीच. भरताना गॅस वजनकाट्यावर मोजून भरायला हवा, नुसत्या दाबाच्या अंदाजानं नाही. एसी काढताना आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन व्हॉल्व्ह बंद करतात. नट सैल करून ‘फुस्स’ आवाज येऊ दिला तर सगळा हिशेब तिथेच बुडाला. नवीन घेताना पाटीवर गॅसचं नाव वाचा: आर-३२ चा गुणांक, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमानवाढ, ६७५, आर-२९० म्हणजे प्रोपेनचा तर अगदी नगण्य, पण तो ज्वालाग्राही असल्यानं बसवणारा प्रशिक्षित हवा. २०१६ च्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारानं आर-४१०ए, आर-३२ यांसारख्या हायड्रोफ्लुरोकार्बन गॅसांचा वापर टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं ते याच गुणांकांमुळे.

गाडीबद्दल थोडक्यात. पहिले काही किलोमीटर इंजिन थंड असताना इंधन जास्त जातं, त्यामुळे तीन वेळा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारण्यापेक्षा तीन कामं एका फेरीत उरका. दोन किलोमीटरला सायकल त्याहून बरी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो: ८० ऐवजी १०० नं गेलं तर दीडपटीहून जास्त.

कापडी पिशवीचंही एकदा गणित करावं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासानुसार सुती पिशवी केवळ हवामानाच्या निकषावर प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला ५२ वेळा वापरावी लागते, आणि सर्व पर्यावरणीय निकष धरले तर ७,१०० वेळा. प्लास्टिक कचऱ्याचा प्रश्न त्यात फारसा धरलेला नाही हे खरं. तरी प्रत्येक समारंभात फुकट मिळालेली पंधरावी पिशवी घरी आणणं हे पर्यावरणप्रेम नव्हे. आहे तीच फाटेपर्यंत वापरा.

ओला कचरा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांमधून. म्हणून खत करण्याआधी कमी फेकणं महत्त्वाचं: फ्रिजमध्ये उरलेलं अन्न डोळ्यांसमोरच्या कप्प्यात, पारदर्शक डब्यात ठेवा. मागे गेलेला डबा परत दिसतो तो बुरशी आल्यावर.

उरलेल्या साली-देठांचं खत करताना एक भाग ओल्याला दोन भाग सुकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घ्या, आकारमानानं. जीवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण तीसास एक या प्रमाणात लागतात आणि ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त असतो. मूठभर मिश्रण दाबा, एखाद-दोन थेंब निघाले तर ओल ठीक. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर सुकं कमी पडलंय. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर हवा कमी पडतेय: बाहेर काढून उलटा आणि तळाला जाड काड्यांचा थर द्या. हवेविना कुजलं तर मिथेन होतो, मग कचराभूमीतून वाचवून काय मिळवलं? काहीच वास नाही पण महिनाभर बदलही नाही, तर ढीग कोरडा पडलाय किंवा फार लहान आहे.

दोन-तीन महिन्यांनी खत झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका, काळं तर आधीच दिसायला लागतं. थोडं खत ओलसर करून बंद डब्यात तीन दिवस ठेवा. उघडल्यावर ओल्या मातीचा वास आला तर झालं, आंबूस आला तर अजून पंधरा दिवस थांबा. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते कुजताना मुळांजवळचा नायट्रोजन आणि प्राणवायू ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं.