गळतो म्हणून टिकतो गडगा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डिचोलीतल्या आमच्या घराची खालच्या अंगाची कंपाउंड वॉल फुगली. तीन दिवस पाऊस धरून होता. जमिनीपासून हातभर उंचीवर एक आडवी भेग गेली होती, रुपयाचं नाणं सहज आत जाईल एवढी. तिथून वीस पावलांवर आजोबांच्या काळचा गडगा आहे. नुसते दगड एकावर एक रचलेले, सिमेंटचा कण नाही. त्याच्या फटीफटींतून पाणी वाहत होतं आणि तो जागचा हलला नव्हता.

भिंत मातीच्या वजनाने गेली, असं गवंडी म्हणाला. मला ते पटलं नाही, कारण ती माती उन्हाळ्यातही तिथेच होती. मीटरभर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ तुंबलं, की तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे 1 टन दाब येतो. वर तो शून्य असतो, म्हणून 10 मीटर लांबीच्या भिंतीवर एकूण रेटा भरतो सुमारे 5 टन. भिंत दुप्पट उंच असेल आणि पाणीही तितकंच चढलं, तर रेटा चौपट होतो. तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटतो आणि आमची भेगही साधारण त्याच सुमारास होती. भिंतीमागे बोटभर रुंदीची फट पाण्याने भरली, तरी रेटा मागे अख्खं तळं असल्याएवढाच असतो. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, ते मागे किती पसरलंय यावर नाही.

शिवाय ओली माती स्वतःही दगा देते. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात, त्या घट्टपणावरच उतार उभा असतो. कणांमधल्या पोकळीत पाणी भरलं, की वरचा थोडा भार पाणी उचलतं आणि कणांची पकड सुटते. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने 1920 च्या दशकात हे सूत्रात मांडलं आणि मृदा यांत्रिकी हे शास्त्र त्यावर उभं राहिलं.

आपल्या गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. वरचा जांभा सच्छिद्र, पाणी पटकन आत घेतो. त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो, तो पाणी लवकर खाली जाऊ देत नाही. मग ते या थरावरून उताराच्या दिशेने सरकतं आणि खालच्या हद्दीवर बाहेर येतं. पाऊस उघडल्यावरही भिंत दोन दिवस पाझरत राहते ती यामुळे. कोकण रेल्वेला पेडण्याच्या बोगद्यात अशाच मऊ मातीने सतावलं. जुलै 2024 मध्ये तिथे पाणी आणि चिखल शिरून गाड्या थांबल्या होत्या.

म्हणून उपाय वरून सुरू करावा. 500 चौरस मीटरच्या बागेत 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर 50 हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं जेवढं भिंतीपर्यंत पोचणारच नाही, तेवढं बरं. आम्ही वरच्या बाजूला उताराला आडवा चर मारला आणि त्याच्या खालच्या काठावर वाळ्याची दाट रांग लावली. वाळ्याची मुळं 2-3 मीटर सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात.

फुगलेली भिंत पावसाळा संपल्यावर उतरवली. भर पावसात तिच्यामागे कोणीही खणू नये, जिवाशी खेळ आहे. नव्या भिंतीमागे फूटभर रुंद खडी भरली आणि तळाशी भोकं असलेला पाइप टाकला, भोकं खालच्या बाजूला, उतार दर मीटरला एक सेंटिमीटर. भिंतीतूनही दर दीड मीटरवर पाइपचे तुकडे बाहेर काढले, तोंड किंचित खाली.

इथे लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे गाळणी. खडीतल्या पोकळ्या मोठ्या, मातीचे कण बारीक. दोघांमध्ये काही नसेल तर माती वाहत येऊन खडी बुजवते, चार-पाच पावसाळ्यांत पुन्हा तीच भिंत तुंबते, वर मागची जमीनही खचते. आम्ही खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळलं. पाणी जाईल, माती अडेल.

पाइपचं शेवटचं तोंड शेजाऱ्याच्या मेरेवर सोडायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. आपसूक पसरून येणारं पाणी वेगळं आणि एका धारेत सोडलेलं वेगळं. ती धार त्यांची माती कापत गेली असती. वीस मीटर जास्तीचा पाइप घालून आम्ही ते पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नेलं.

यंदा मिरगाच्या पहिल्या सरींनंतर छत्री घेऊन भिंतीपाशी उभा राहिलो. पाइपांतून आधी तांबूस पाणी आलं. ते तसंच राहिलं असतं, तर मागची माती निसटतेय असा त्याचा अर्थ होता. तासाभराने एक पेला धारेखाली धरला, तेव्हा आतून तळाची नक्षी दिसत होती.