थर्मास: दोन भिंतींमधल्या पोकळीचा इतिहास

थर्मासची रचना मुळात गरम पेयासाठी झालेली नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर अतिथंड द्रवरूप वायूंवर काम करत होते. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे साध्या भांड्यात तो टिकतच नसे. १८९२ साली ड्यूअर यांनी काचेची दोन भांडी एकात एक बसवून तोंडाशी जोडली आणि मधली हवा काढून घेतली. हवा नाही म्हटल्यावर उष्णतेच्या वहन (स्पर्शातून) आणि अभिसरण (हवेच्या हालचालीतून) या दोन्ही वाटा जवळजवळ बंद झाल्या. उरलेलं प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपातली उष्णता, परतवण्यासाठी पोकळीकडच्या बाजूंना चांदीचा मुलामा दिला. उष्णता आत येतेय की बाहेर जातेय, याने पोकळीला फरक पडत नाही. म्हणूनच थंड राखणारं भांडं गरमही राखतं.

ड्यूअर यांनी पेटंट घेतलं नव्हतं. बर्लिनचे काचकारागीर राइनहोल्ड बुर्गर यांनी नाजूक काच धातूच्या आवरणात बसवली, घट्ट झाकण दिलं आणि १९०३ मध्ये जर्मनीत पेटंट मिळवलं. पुढच्याच वर्षी ही बाटली ‘थर्मॉस’ नावाने बाजारात आली. ड्यूअर न्यायालयात गेले, पण हरले. मूळ कल्पना त्यांची होती हे मात्र निर्विवाद.

काचेच्या थर्मासची दुखरी जागा तळाशी असते. हवा ओढून घेतल्यावर नळी वितळवून बंद करतात, तिथे एक बारीक टोक उरतं. ते तुटलं की पोकळीत हवा शिरते आणि काच वरून अखंड दिसत असली तरी थर्मास निकामी होतो. काच बदलून तळाचं झाकण फार आवळलं तरी हेच घडतं.

फुटण्यावर उपाय म्हणून पोलाद आलं. अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी १९१३ मध्ये पूर्ण पोलादी निर्वात बाटली केली. ती दणकट होती, पण जड. हलकी स्टेनलेस स्टीलची बाटली जपानच्या निप्पॉन सान्सो कंपनीने १९७८ मध्ये आणली. स्टीलमधून उष्णता काचेच्या दसपटीहून अधिक वाहते, म्हणून मानेजवळचा पत्रा शक्य तितका पातळ ठेवतात. स्टीलमधून हळूहळू वायूही सुटतात. ते शोषणारा पदार्थ पोकळीतच बंद केलेला असतो.

आत–बाहेरच्या भिंती फक्त मानेशी जुळतात. तिथून आणि बुचातूनच बहुतेक उष्णता निसटते. रुंद तोंडाचा डबा अरुंद बाटलीपेक्षा लवकर निवतो तो त्यामुळे. उकळतं पाणी पाच मिनिटं आत ठेवून ओतून टाकावं, मगच गरम पदार्थ बुचाच्या जरा खालपर्यंत भरावा. अर्धा भरला तर तो लवकर थंड होतो. अन्न ६० अंशांखाली गेलं की जिवाणू वाढू लागतात, त्यामुळे कोमट झालेलं दूध किंवा भात तासन्‌तास तसाच ठेवू नये. उकळतं पाणी भरल्यावर बाहेरचा पत्रा सगळीकडे गरम लागला, तर पोकळी गेली असं समजावं. घरी ती दुरुस्त होत नाही.