घामाच्या नावानं विकलेली साखर

सामन्याच्या दिवशी खेळाडूंना लघवीलाच का होत नाही? फ्लोरिडा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षक ड्वेन डग्लस यांनी १९६५ साली हा प्रश्न विद्यापीठातले मूत्रपिंडाचे डॉक्टर रॉबर्ट केड यांच्यापुढे टाकला. आजचा स्पोर्ट्स ड्रिंकचा सगळा धंदा तिथून सुरू झाला. केड यांचं उत्तर सरळ होतं. सगळं पाणी घामावाटे जातं, मूत्रपिंडासाठी काही उरतच नाही. घामाबरोबर मीठही जातं. म्हणून जे गेलं ते परत द्या.

हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो, आणि गेली साठ वर्षं जाहिरातीत तोच सांगितला जातोय. पण तयारीच्या धावपटूला किंवा सायकलपटूला लांब पल्ल्यात या बाटलीचा जो खरा उपयोग होतो, तो मुख्यतः त्यातल्या साखरेचा. मिठाची गोष्ट वेगळी आणि साखरेची वेगळी. दोन्ही एकाच बाटलीत भरल्या गेल्या, तेव्हापासून कुठलं श्रेय कुणाचं हे कळेनासं झालं.

त्याआधी मात्र काहीच न पिणं हाच मर्दपणा समजला जायचा. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमधल्या मॅरेथॉनमध्ये संयोजक जेम्स सलिव्हन यांनी धावपटूंना पाणी मुद्दाम कमी मिळेल अशी व्यवस्था केली होती. पाण्यावाचून शरीराचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं! ऑगस्टअखेरचं ऊन, धुळीचा रस्ता. ३२ जण धावले, १४ जणांनी शर्यत पुरी केली. विजेता थॉमस हिक्स याला वाटेत त्याच्या माणसांनी अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिकनीन पाजलं. स्ट्रिकनीन म्हणजे कुचल्यातलं विष. थोड्या मात्रेत ते तेव्हा उत्तेजक म्हणून चालायचं. त्या अर्थानं पहिलं ‘स्पोर्ट्स ड्रिंक’ हेच म्हणायचं.

पन्नास वर्षांनीही विचार फारसा बदलला नव्हता. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मॅरेथॉनमधलं पहिलं पेय १५ किलोमीटरनंतर, तेही संयोजकांनी दिलेलंच घ्यायचं असं होतं. पुढच्याच वर्षी व्हँकूव्हरला ब्रिटनचा जिम पीटर्स भर उन्हात पहिला स्टेडियममध्ये शिरला. त्याच्या मागे जवळपास पाव तास कुणी नव्हतं. तो पडला, उठला, पुन्हा पडला, आणि अंतिम रेषेपर्यंत काही पोचला नाही. मॅरेथॉनची जगातली सर्वोत्तम वेळ चारदा नोंदवलेला हा माणूस त्यानंतर शर्यतीत धावला नाही.

साखरेचा धागा याहून जुना आहे. १९२४ साली बॉस्टन मॅरेथॉन संपताच सॅम्युएल लीव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे फिकुटलेले होते, बरळत होते, पाय ओढत होते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती. पुढच्या वर्षी काहींना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय जेवण आणि धावताना खडीसाखरेसारख्या गोळ्या दिल्या. त्यांची साखर टिकली आणि प्रकृतीही. म्हणजे मूळ उत्तर शंभर वर्षांपूर्वी सापडलं होतं! पण खेळाच्या जगानं ते बाजूला ठेवलं, आणि साखरपाणी आजाऱ्यांच्या उशाशी गेलं. न्यूकॅसलच्या विल्यम हंटर या औषधविक्रेत्यानं १९२७ साली काढलेलं ग्लुकोजचं पेय ‘ल्युकोझेड’ या नावानं कित्येक दशकं आजारातून उठणाऱ्यांसाठीच विकलं गेलं. आपल्याकडे दवाखान्यात भेटायला जाताना ग्लुकोजचा डबा न्यायची रीत होती, तिचं नातं याच काळाशी. ब्रिटनमध्ये ते पेय १९८० च्या दशकात डेकॅथलॉनपटू डेली थॉम्पसनच्या हाती देण्यात आलं, तेव्हा कुठे आजाऱ्याची बाटली खेळाडूची झाली.

आता पुन्हा फ्लोरिडा. केड, डॅना शायर्स, जेम्स फ्री आणि अलेहांद्रो दे केसादा यांनी पाणी, साखर आणि क्षार एकत्र केले. चव अशी की खुद्द केड यांना ओकारी आली. त्यांच्या पत्नी मेरी यांनी लिंबू पिळायला सुचवलं, आणि पेय घशाखाली उतरायला लागलं. (साखर, मीठ, पाणी, लिंबू. आपल्याकडच्या कुणाही आजीनं इथे प्रयोगशाळेची गरज काय असं विचारलं असतं.) पहिला प्रयोग १ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रथम वर्षाच्या पोरांवर झाला. ‘ब’ संघापुढे पहिल्या अर्ध्यात मागे पडलेली ती पोरं दुसऱ्या अर्ध्यात भारी ठरली. दुसऱ्याच दिवशी मुख्य संघानं भर उन्हात लुइझियानाच्या तगड्या संघाला हरवलं. संघाचं नाव ‘गेटर्स’, म्हणजे मगरी, म्हणून पेय झालं ‘गेटोरेड’. जानेवारी १९६७ मध्ये ऑरेंज बोलची लढत याच संघाशी हरल्यावर जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक बॉबी डॉड म्हणाले, आमच्याकडे गेटोरेड नव्हतं, फरक तिथेच पडला. एवढी जाहिरात पैसे मोजूनही झाली नसती.

या सगळ्यात आजच्या अर्थानं चाचणी अशी एकही नव्हती. फुटबॉलचा सामना म्हणजे मॅरेथॉनही नव्हे; थोडं पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं. हरणाऱ्या संघाला काय दिलं, कुणी काय प्यायलं हे कुणापासूनच झाकून ठेवलेलं नव्हतं. तरीही उन्हातल्या कवायतीला पाण्याची बंदी घालणारे प्रशिक्षक या पेयामुळे मागे हटले, हे केड यांचं मोठं काम. हक्क १९६७ मध्ये स्टोकली-व्हॅन कँप या डबाबंद अन्नाच्या कंपनीकडे गेले. पैसा दिसू लागल्यावर विद्यापीठ कोर्टात गेलं आणि तडजोडीत रॉयल्टीचा २० टक्के वाटा घेऊन बाहेर आलं. पुढे १९८३ मध्ये क्वेकर ओट्स आणि २००१ मध्ये पेप्सिको असे मालक बदलत गेले.

साठच्याच दशकात, जगाच्या दुसऱ्या टोकाला, साखर-मिठाच्या पाण्याचं कितीतरी मोठं काम चाललं होतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडलं होतं की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात. त्यांच्यामागे पाणीही ओढलं जातं. या जोडीच्या आधारावर १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे द्रावण देऊन दाखवलं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत द्रावण कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्याही खाली आला.

ही दोन पेयं सख्खी भावंडं मानली जातात, पण आकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात तोंडावाटे द्यायच्या या द्रावणात, ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला साधारण ६० ग्रॅम साखर. उलट सोडियम ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलीमोल, तर स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये २० च्या आगेमागे. एक साखर चौपट, दुसरं मीठ जवळजवळ चौपट. जुलाब झालेल्या पोराला स्पोर्ट्स ड्रिंक देणं चूक, आणि चौथ्या तासाला पेडल मारणाऱ्याला ओआरएसवर ठेवणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं.

ते उपाशीपण नेमकं कुठे असतं, हे स्टॉकहोममध्ये कळलं. योनास बर्गस्ट्रम आणि एरिक हल्टमन यांनी १९६६ मध्ये प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले, प्रत्येकानं एकच पाय मारायचा, दुसरा स्वस्थ ठेवायचा. मग सुईनं दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे तुकडे काढले. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, संपलेलं; स्वस्थ पायातलं जागेवर. त्यानंतर तीन दिवस पिष्टमय जेवण घेतलं, तर दमलेल्या पायात दुसऱ्याच्या दुप्पट साठा झाला. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरपुढे धावपटू ज्या ‘भिंती’वर आदळतात, तिच्यामागचं एक मोठं कारण हे. ब्रिटनच्या रॉन हिलनं १९६९ ची युरोपीय मॅरेथॉन याच जेवणाच्या बळावर मारली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरनं वाटेत गॅस उडालेला कोका-कोला पिऊन सुवर्ण घेतलं. खेळाडू पुढे होते, शास्त्र मागून येत होतं.

शास्त्र तेव्हा उलट्या दिशेनंही गेलं. दाट साखरपाणी पोटातून हळू उतरतं असं दिसल्यावर अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं १९७५ मध्ये सल्ला दिला की धावताना पेयात साखर अडीच टक्क्यांच्या आत ठेवा. चिंता पाण्याची होती, इंधनाची नव्हती.

हे चित्र पालटलं टेक्सासमध्ये. एडवर्ड कॉइल यांनी १९८६ मध्ये कसलेले सात सायकलपटू रात्रभर उपाशी ठेवले आणि दमून थांबेपर्यंत पेडल मारायला लावलं. नुसतं गोड चवीचं पाणी घेतलं तेव्हा ते तीन तासांनी थांबले. साखर मिळाली तेव्हा चार तासांनी. गंमत अशी की स्नायूंतलं ग्लायकोजेन दोन्ही वेळा सारख्याच वेगानं संपत गेलं. शेवटचा जास्तीचा तास रक्तातल्या साखरेवर निघाला. लीव्हाइन यांनी बॉस्टनमध्ये पाहिलं होतं तेच, आता मोजून.

पुढचा अडथळा आतड्याचा होता. नुसतं ग्लुकोज कितीही प्या, तासाला साधारण ६० ग्रॅमच्या वर ते जळत नाही. क्रेन यांनी दाखवलेलं ते दार तेवढंच रुंद. बर्मिंगहॅममध्ये आस्कर यूकेंड्रुप यांच्या गटानं त्यात फ्रुक्टोज मिसळलं. फ्रुक्टोजचं दार वेगळं, त्यामुळे दोन्ही मिळून मर्यादा बरीच वर गेली. तासाला ९० ग्रॅमचा सल्ला इथून आला. आजचे जेल आणि पावडरी याच मिश्रणाच्या.

याच गटाचा २००४ चा एक प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. तासाभराच्या सायकल शर्यतीत खेळाडूंनी साखरेच्या पाण्यानं फक्त चूळ भरली आणि थुंकून टाकली. तरी वेळ जवळपास तीन टक्क्यांनी सुधारली. उलट शिरेतून थेट ग्लुकोज सोडलं, तेव्हा काही फरक नाही. म्हणजे तासाभराच्या खेळात साखर इंधन म्हणून कामी येतच नाही; जीभ मेंदूला ‘येतंय बरं का’ एवढंच कळवते, आणि मेंदू लगाम सैल सोडतो.

पाण्याची बाजू मात्र याच काळात हाताबाहेर गेली. तहान लागायच्या आधी प्या, सोसेल तेवढं प्या, असा सल्ला १९९६ पर्यंत अधिकृत झाला होता. दक्षिण आफ्रिकेतले टिम नोक्स यांनी कॉम्रेड्सच्या सुमारे ९० किलोमीटरच्या शर्यतीत १९८१ मध्ये अतिपाण्यामुळे रक्तातलं सोडियम घसरून बेशुद्ध झालेली धावपटू पाहिली होती. १९८५ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं, पण फार थोड्यांनी कान दिला. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एका २८ वर्षांच्या स्पर्धक तरुणीचा याच कारणानं मृत्यू झाला. त्याच शर्यतीतल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. पाणी प्यायलं की स्पोर्ट्स ड्रिंक, यानं फरक पडला नव्हता. किती प्यायलं, यानं पडला होता. रक्तात सोडियम लिटरला १४० मिलीमोलच्या आसपास आणि बाटलीत २०, मग ती बाटली कितीही ‘क्षारयुक्त’ असली तरी जास्त झाली की रक्त पातळच करणार. २००७ मध्ये सल्ला बदलून ‘ज्याच्या त्याच्या घामाप्रमाणे’ असा झाला.

भरपूर प्या म्हणणाऱ्या संशोधनात आणि संस्थांत पेय कंपन्यांचा पैसा होता, हे २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर सविस्तर छापलं. अनेक चाचण्यांत सहभागी मूठभर, बहुतेक तयारीचे खेळाडू, तेही उपाशीपोटी. मला वाटतं टीका बरोबर होती, पण तिच्या धक्क्यात साखरेचा खरा पुरावाही झोडपला गेला. दोन तासांहून लांब शर्यतीत कसलेल्या खेळाडूला साखरेनं फायदा होतो, यावर कंपनीचा पैसा नसलेले लोकही सहमत आहेत. सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारून गार बाटली फोडणाऱ्याचा त्या पुराव्याशी काही संबंध नाही, एवढंच.

केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे याच्या बाटल्यांत काय असतं ते पाहिलं तरी वाद कुणीकडे झुकला ते कळतं. २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापताना त्याच्याकडे स्वीडनच्या मॉर्टेन कंपनीचं पेय होतं. ते दाट साखरेचं, आणि पोटात गेल्यावर त्याची जेली होते, म्हणजे मळमळ कमी, असा कंपनीचा दावा. तेवढीच साखर साध्या पेयातून दिली तर जेलीमुळे वेगळा फायदा ठळक दिसत नाही, असं बऱ्याच चाचण्यांत आलं. पण साखर किती घालायची यावर मात्र कुणाची कुरकुर नव्हती.

आपल्याकडे गोंधळ उलट्या बाजूनं झाला. ओआरएस हे नाव लोकांच्या तोंडी इतकं बसलं की औषधांच्या दुकानांत त्या नावाची गोड, फळांच्या चवीची खोकी आली. त्यांत साखर सूत्रापेक्षा कितीतरी जास्त होती, आणि जुलाब झालेल्या मुलांना तीच पाजली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी या नावाविरुद्ध कित्येक वर्षं पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयाला नावात ‘ओआरएस’ लावता येणार नाही, मागेपुढे दुसरा शब्द जोडूनसुद्धा नाही.