क्रिटिकल थिअरी (चिकित्सक सिद्धांत)

समाज कसा चालतो एवढंच न सांगता तो कोणाच्या सोयीने चालतो हे विचारणारी विचारपरंपरा. सुरुवात १९२३ ची, फ्रँकफुर्टमधल्या सामाजिक संशोधन संस्थेतली. पैसा एका धान्य व्यापाऱ्याचा, त्याचा मुलगा फेलिक्स वाइल मार्क्सवादी निघाला (असं होतं घरोघरी). १९३० ला मॅक्स होर्कहायमर डायरेक्टर झाला, १९३३ ला नाझींनी संस्था बंद पाडली आणि ही मंडळी जिनिव्हामार्गे न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत पोचली, जिथे बाबासाहेब वीसेक वर्षं आधीच शिकून गेले होते.

हे नाव रूढ झालं ते होर्कहायमरच्या १९३७ च्या निबंधामुळे. त्याचा मुद्दा मुंबईकराला पटकन कळेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. पारंपरिक सिद्धांत म्हणणार, जुनी गटारं तासाला २५ मिमीचीच, मोठी करा. बरोबरच आहे ते. चिकित्सक सिद्धांत मात्र पुढचं विचारतो: कंबरभर पाण्यातून रात्रभर चालत घरी आलेला माणूस पाणी ओसरल्यावर लगेच डबा घेऊन ऑफिसला निघतो आणि त्याला आपण कौतुकाने 'मुंबई स्पिरिट' म्हणतो, हे कौतुक नक्की कोणाच्या फायद्याचं? सुट्टी मिळणार नाही, पगार कापला जाईल, हे त्या स्पिरिटमध्ये कुठेच येत नाही. नाइलाजाला गुण म्हणायचं, आणि आपणच म्हणायचं, याला ही मंडळी आयडिऑलॉजी म्हणतात.

होर्कहायमर आणि त्याचा सहकारी अडोर्नोने १९४० च्या दशकात 'संस्कृती उद्योग' ही कल्पना मांडली, करमणूकही कारखान्यातल्या मालासारखी बनते आणि माणसाला उद्याच्या कामापुरतं ताजं करून परत पाठवते. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये एका पायावर उभं राहून रील्स सरकवणारा अंगठा बघा, जास्त समजावायला नको. याच मंडळींतला हर्बर्ट मार्क्यूझ १९६४ मध्ये पुढे गेला, म्हणाला ही व्यवस्था विरोधसुद्धा पचवते. लोअर परळला मिलच्या जागी मॉल आलाय, चिमणी मात्र ठेवलीय, लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, आणि त्याची खूण आता डेकोरेशन आहे! त्याच मॉलच्या मागच्या गेटला बाइकवर बसून ऑर्डरची वाट बघणारा पोरगा, बाइक त्याची, पेट्रोल त्याचं, रेटिंग अ‍ॅपचं, आणि कंपनी त्याला कामगार नाही, 'पार्टनर' म्हणते.

पुढे हाबरमासने चर्चेवर, सार्वजनिक संवादावर भर दिला, नॅन्सी फ्रेझरने त्यात बाईच्या घरकामाचा हिशोब आणला.

उणिवा आहेतच. अडोर्नोला जॅझ मुळीच झेपला नाही, आमच्या शाहिरांचं त्याने काय केलं असतं देव जाणे. वसाहती तर पहिल्या पिढीच्या लिखाणात जवळजवळ नाहीतच, आणि जात कुठून असणार. गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा असायचा, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा म्हणून दलित कामगाराला तिथे घ्यायचेच नाहीत, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी युनियनवाल्यांना याबद्दल विचारलं.