गर्भारपणाच्या सुरुवातीचे डाग आणि प्रोजेस्टेरॉन

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत डाग लागले, तर गर्भ टिकावा म्हणून काही स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक औषध म्हणून देतात. दिवस राहिलेल्या साधारण चारपैकी एका स्त्रीला या काळात कधी ना कधी थोडे रक्त दिसते. बऱ्याचदा तो पुसताना दिसणारा तपकिरी किंवा गुलाबी ओघळ असतो. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी बाथरूममध्ये जाताना धडधडते. यांतल्या बहुतेक स्त्रियांचे गर्भारपण पुढे नीट पार पडते.

बीज बाहेर पडल्यावर बीजकोशात त्याच्या जागी पीतपिंड तयार होतो. प्रोजेस्टेरॉन मुख्यतः तिथून येते. गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्याजोगे ठेवणे आणि गर्भाशयाच्या स्नायूंना शांत राखणे ही त्याची कामे. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार हे काम हळूहळू आपल्याकडे घेते. 1970च्या दशकात संशोधक आर्पाद चापो यांनी दाखवले, की सातव्या आठवड्यापूर्वी पीतपिंड काढला तर गर्भ पडतो आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिले तर तो टिकतो. या औषधामागचा तर्क इथूनच भक्कम झाला. पण पीतपिंड काढून टाकणे वेगळे आणि डाग लागणे वेगळे.

सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भ गुणसूत्रांच्या दोषामुळे मुळातच वाढू शकणारे नसतात. असा गर्भ खुरटू लागला की पीतपिंडाला मिळणारा इशारा मंदावतो आणि प्रोजेस्टेरॉन उतरते. म्हणजे रक्ततपासणीत आकडा कमी दिसला, तरी तो गर्भपाताचे कारण नसून परिणाम असू शकतो. शिवाय हे संप्रेरक लाटांनी स्रवते, त्यामुळे एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळचे आकडे जुळतीलच असे नाही. त्या एका आकड्यावरून घाबरण्यात अर्थ नाही, आणि त्यावरून गोळी ठरवण्यातही फारसा नाही.

शुद्ध प्रोजेस्टेरॉन 1934मध्ये वेगळे काढले गेले. 1940च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदापासून ते मोठ्या प्रमाणात बनवण्याची वाट शोधली. गर्भ टिकवण्यासाठी संप्रेरके देण्याचा पूर्वेतिहास मात्र सरळ नाही. त्याच हेतूने अनेक वर्षे दिलेल्या डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या औषधाने आईच्या पोटात असताना संपर्क आलेल्या मुलींमध्ये दुर्मीळ कर्करोग होतो, हे 1971मध्ये समोर आले. ते इस्ट्रोजेनसारखे कृत्रिम औषध होते, प्रोजेस्टेरॉन नव्हे. पण ‘देऊन पाहू, बिघडणार काय’ ही वृत्ती किती महाग पडते याचा तो धडा होता.

डाग लागल्यावर प्रोजेस्टेरॉन दिल्याने गर्भ टिकतो का, याचे नेमके उत्तर शोधणारी मोठी चाचणी, ‘प्रिझम’, ब्रिटनमध्ये झाली आणि 2019मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांच्या आत रक्तस्राव झालेल्या 4,153 स्त्रियांपैकी अर्ध्यांना खरे औषध मिळाले, अर्ध्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले. जिवंत बाळ होण्याचे प्रमाण अनुक्रमे 75 आणि 72 टक्के निघाले. एवढ्या फरकावरून ठाम दावा करता येईना. आतले गट पाहिले तेव्हा चित्र उलगडले. ज्यांचा आधी एकही गर्भपात झाला नव्हता त्यांच्यात फरकच नव्हता. एक किंवा अधिक झालेल्यांमध्ये 75 विरुद्ध 70, आणि तीन किंवा अधिक झालेल्यांमध्ये 72 विरुद्ध 57. असे गटवार आकडे जपूनच वाचावे लागतात, तरी आधीच्या गर्भपातांसोबत फायदाही वाढत जातो, हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. त्याआधी 2015मध्ये ‘प्रॉमिस’ चाचणीत, वारंवार गर्भपात झालेल्या पण सध्या रक्तस्राव नसलेल्या स्त्रियांना या औषधाचा खास उपयोग झाल्याचे दिसले नव्हते.

त्यानुसार उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2021मध्ये शिफारस बदलली: सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच दिसला, रक्तस्राव आहे आणि पूर्वी गर्भपात झालेला आहे, तर 400 मिलिग्रॅम सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा योनिमार्गात ठेवावे, गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले की गर्भारपणाचे 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावे. अनेक देशांत डिड्रोजेस्टेरॉन हे जवळचे कृत्रिम औषध तोंडावाटे देतात. तेलातली इंजेक्शनेही आहेत. ती दुखतात आणि टोचलेल्या जागी गाठ राहते.

योनिमार्गात ठेवलेली गोळी विरघळून तिचा पांढरा चिकट अंश बाहेर येतो. त्यात जुने रक्त मिसळले की तो तपकिरी दिसतो आणि नवीन डाग आला असे वाटते. गोळी वाहून गेली, या शंकेने लगेच दुसरी ठेवू नये. तोंडावाटे घेतल्यास झोप आणि चक्कर येते, म्हणून ती रात्री देतात. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, त्याची ॲलर्जी आधी सांगावी.

सोनोग्राफीआधी औषध सुरू करून घरी थांबणे धोक्याचे, कारण गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाचीही सुरुवात डागांनीच होऊ शकते आणि त्यावर प्रोजेस्टेरॉनचा काही उपयोग नाही. एका बाजूला पोटात दुखणे, खांद्याच्या टोकाशी कळ, घेरी, किंवा तासाभरात पॅड भिजेल एवढा स्राव झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भपात टळतो, याला पुरावा नाही.

सोळाव्या आठवड्यात औषध बंद करताना पुष्कळ जणींचा हात अडखळतो. तोवर वार कित्येक आठवडे स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवत असते.