काचेबाहेर डोकावणारा प्रकाश

बेळगावात हल्ली रस्ता खणला की पाण्याच्या पाइपाशेजारी फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाश नेणारी, केबलही दिसते. मग दहावीतलं वाक्य आठवतं : पूर्ण आंतरिक परावर्तन झालं की प्रकाश काचेबाहेर पडतच नाही. हे पुरतं खरं नाही. परावर्तन होताना प्रकाशाचं विद्युतक्षेत्र पृष्ठभागाबाहेर साधारण एक-दोनशे नॅनोमीटर डोकावतं आणि झपाट्यानं विरतं. केबलमध्ये हा भाग बाहेरच्या काचेच्या थरातच राहतो. पण चिपवर काचेची बारीक पट्टी उघडी ठेवून वर पाणी सोडलं, तर पाण्यातले कण या क्षेत्राच्या तावडीत सापडतात.

कसे, ते मला फार आवडतं. विद्युतक्षेत्रात कणातले धन आणि ऋण प्रभार किंचित विरुद्ध बाजूंना सरकतात. पट्टीजवळ क्षेत्र तीव्र, लांब गेलं की क्षीण. त्यामुळे दोन्हींवरची ओढ सारखी राहत नाही, कण पट्टीकडे खेचला जातो. पण प्रकाशाचं क्षेत्र सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा दिशा बदलतं, मग ओढही उलटायला नको का? नको. क्षेत्र उलटलं की प्रभारही जागा बदलतात, उणे गुणिले उणे अधिक, ओढ तीच राहते. पाण्याचाही असाच प्रतिसाद असतो, म्हणून हिशोब फरकाचा : पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या कणाचा अपवर्तनांक (या प्रतिसादाचं माप) 1.59, पाण्याचा 1.33, म्हणून कण आत ओढला जातो. हवेचा बुडबुडा मात्र दूर ढकलला जाईल.

पट्टीतून जाणारा प्रकाश कणाला पुढेही रेटतो. उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या पट्ट्यावरून माल सरकावा तसा, फक्त इथे पट्टा जागेवरच असतो. 1996 मध्ये ओसाका विद्यापीठात कावाता आणि तानी यांनी हे करून दाखवलं. पुढे नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये तांबड्या रक्तपेशीही अशाच सरकवल्या गेल्या. यावरून 'लेझरनं रक्तातली घाण ओढून काढतो' असं पत्रक कुणी हातात दिलं, तर ते सरळ रद्दीत टाका. ही ओढ पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापर्यंतही नीट पोचत नाही, हाडामांसातून काय पोचणार!

खरी अडचण आकाराची. ओढ कणाच्या घनफळावर ठरते, व्यास निम्मा केला की ती आठपट कमी होते. पाण्याच्या रेणूंचे उष्णतेचे धक्के मात्र थांबत नाहीत, कण निसटतो. 2009 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात यावर तोड निघाली : दोन पट्ट्यांमध्ये सुमारे शंभर नॅनोमीटरची फट ठेवायची. पृष्ठभागाला लंब असलेलं विद्युतक्षेत्र सीमेवर उडी घेतं, ते कमी अपवर्तनांकाच्या बाजूला जास्त असतं, म्हणून फटीतल्या पाण्यात प्रकाश एकवटतो. तिथे 75 नॅनोमीटरचे कण अडकले, आणि डीएनएचे रेणूही.