तेलवाहू जहाज, पाणबुडीहल्ल्यात बुडणारे

युद्धकाळात कच्चे तेल, पेट्रोल, रॉकेल किंवा इंधनतेल नेणारे व्यापारी जहाज शत्रूच्या पाणबुडीने पाणतीर (टॉर्पेडो) अथवा तोफेचा मारा करून बुडविणे. दोन्ही महायुद्धांत असे हल्ले वारंवार झाले. तेल भरलेले जहाज पाणतीर लागताच स्फोट होऊन तळाला जाते, ही समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात जहाजाचे भवितव्य पाणतीर कुठे लागला आणि टाकीत द्रव होता की वाफ, या दोन गोष्टींवर अवलंबून असे.

पहिले उदाहरण ठरविताना याद्या जपून वाचाव्या लागतात, कारण ‘हल्ला झालेली’ आणि ‘बुडालेली’ जहाजे त्यांत एकत्र मोजलेली असतात. १ मे १९१५ रोजी जर्मन यू-३० पाणबुडीने सिली बेटांजवळ मारलेले अमेरिकी ‘गल्फलाइट’ अनेकदा उदाहरण म्हणून दिले जाते. पण ते बुडाले नाही, ओढून किनाऱ्याला नेण्यात आले. हिंदी महासागरातील ‘ब्रिटिश लॉयल्टी’ची नोंद याहून गुंतागुंतीची आहे. ३० मे १९४२ रोजी मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात जपानी छोट्या पाणबुडीच्या पाणतीराने ते उथळ पाण्यात तळाला टेकले. हा पाणतीर आय-२० या मोठ्या जपानी पाणबुडीवरून सोडलेल्या छोट्या पाणबुडीचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात व ते मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे ते वर काढून मालदीवच्या अड्डू बेटमालिकेत तेलसाठ्यासाठी उभे केले. तेथे ९ मार्च १९४४ रोजी यू-१८३ ने खाजणाबाहेरून, संरक्षक जाळीतील फटीतून पाणतीर सोडून त्याला पुन्हा मारले. अखेर जानेवारी १९४६ मध्ये ते मुद्दाम बुडविण्यात आले. हे जहाज एकदा मोजायचे की दोनदा, यावर बुडालेल्या टनभाराचे आकडे बदलतात.

रचना : १८८६ च्या ‘ग्ल्युकाउफ’पासून तेल पिंपांऐवजी थेट जहाजाच्या कवचातील टाक्यांत भरले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी टी-२ प्रकारचे जहाज सुमारे १६० मी. लांब, पूर्ण भारात सुमारे ९ मी. खोल बुडणारे, सुमारे १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी.) वेगाचे होते. लांबीच्या व आडव्या पोलादी भिंतींनी मालाच्या टाक्या वेगळ्या केलेल्या, मध्यभागी नौचालन-कक्ष आणि पाठीमागे इंजिनघर अशी मांडणी असे. टाक्या व इंजिनघर यांच्यामध्ये कॉफरडॅम ही रिकामी पोकळी असते. बुडण्याचा सगळा हिशोब या मांडणीतून निघतो.

तरंगण्याचा हिशोब : १,००० घनमीटर टाकीत ०.८५ घनतेचे कच्चे तेल असेल तर त्याचे वजन ८५० टन. टाकी फुटून सगळे तेल बाहेर गेले व तिच्या जागी समुद्राचे पाणी (घनता १.०२५) आले, तरी वजन १,०२५ टन होते, म्हणजे भार केवळ १७५ टनांनी वाढतो. हवेने भरलेले तेवढेच इंजिनघर बुडाले, तर यंत्रांनी व्यापलेली जागा वगळता उरलेल्या प्रत्येक घनमीटरला १ टनाहून अधिक भार नव्याने चढतो. म्हणून भरलेल्या टाक्यांवर बसलेला एक पाणतीर जहाजाला बहुधा कलवतो, बुडवत नाही. पाठीमागे लागलेला इंजिन बंद पाडतो, पंप व वीज घालवतो आणि तेथे पाळीवर असलेल्या माणसांचा जीव घेतो. तिसरा धोका कण्याचा. मधल्या भागाखाली स्फोट झाला की लांब कवच वाकते आणि मोडते. जोडकामातील ताण आणि थंडीत ठिसूळ होणारे पोलाद यांमुळे ‘स्केनेक्टडी’ हे टी-२ जहाज जानेवारी १९४३ मध्ये शत्रूविना, धक्क्यालाच दुभंगले. पाणतीराचे काम अशा कवचावर किती सोपे होत असेल, हे त्यावरून ध्यानात यावे.

याच्या उलट ‘ओहायो’. १२ ऑगस्ट १९४२ रोजी इटालियन ‘अक्सुम’ पाणबुडीचा पाणतीर तिच्या पंपघरात बसला, सुमारे ७ × ८ मी. भगदाड पडले, आग लागली. आत शिरलेल्या पाण्यानेही ती विझण्यास मदत झाली. नंतरच्या विमानहल्ल्यांत इंजिने गेली व कवच मोडकळीस आले; तरी दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून १५ ऑगस्टला तिला माल्टात आणले, आणि बहुतेक तेल उतरविता आले.

आग व स्फोट : भारतात पेट्रोलियमची वर्गवारी फ्लॅश पॉइंटवर, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्यावर, केली जाते. ती राबविणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे (पेसो) मुख्यालय नागपुरात आहे. २३° से. पेक्षा कमी तो अ वर्ग (पेट्रोल), २३ ते ६५° से. ब वर्ग (रॉकेल, डिझेल), ६५ ते ९३° से. क वर्ग (भट्टीतेल). युद्धकाळातील हल्ल्यांचे वर्णन वाचताना हीच वर्गवारी उपयोगी पडते : पेट्रोलच्या जहाजाला जखम झाली की काही क्षणांत आग, भट्टीतेलाच्या जहाजात पुष्कळदा फक्त काळी चिकट गळती. स्फोट मात्र द्रवाचा होत नाही, वाफेचा होतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असतानाच पेटते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. माल उतरवून परतणाऱ्या जहाजाच्या नीट न धुतलेल्या टाकीत हवा आणि वाफ दोन्ही असतात. त्यामुळे रिकामे जहाज अनेकदा अधिक घातक ठरे. नागपूरजवळच्या खापरी डेपोतून निघणाऱ्या रस्त्यावरील टँकरलाही हेच लागू आहे : रिकामी टाकी वायुमुक्त झाल्याची तपासणी झाल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग करायचे नसते. टाक्यांत धूर सोडून प्राणवायू कमी ठेवण्याची पद्धत युद्धापूर्वी माहीत होती, पण सार्वत्रिक सक्ती फार नंतर आली.

पाण्यावर पसरलेले तेल पेटले, की वाऱ्याच्या वरच्या बाजूला पोहत जाणे, ज्वाळांखालून बुडी मारणे आणि वर येताना हातांनी तेल बाजूला सारणे एवढाच उपाय उरे. फुगीर जीवरक्षक जाकीट घातलेल्याला बुडी मारता येत नाही. २६ मार्च १९४२ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप हॅटेरासजवळ यू-७१ ने मारलेल्या ‘डिक्सी ॲरो’वर सुकाणूवरील ऑस्कर चॅपेल याने जहाज वाऱ्याकडे वळविले. ज्वाळा पुढच्या टोकावर अडकलेल्या खलाशांपासून दूर गेल्या. तो स्वतः जळून मेला. ३३ पैकी २२ वाचले.

नेम : लक्ष्याचा वेग, दिशा व अंतर यांवर पाणतीराचा कोन ठरतो. १,००० मी. वरून, आडव्या जाणाऱ्या १२ नॉटच्या जहाजावर ३० नॉटचा जर्मन विद्युत्-पाणतीर सोडला तर तो सुमारे ७१ सेकंदांनी पोहोचतो. वेगाच्या अंदाजात एका नॉटची चूक झाली तर नेम सुमारे ३६ मी. चुकतो. मध्यभागी नेम धरला असेल, तर दोन नॉटच्या चुकीत १६० मी. जहाजाचे टोकच काय ते सापडते. म्हणून पंख्यासारखे पसरून अनेक पाणतीर सोडत. रिकामे जहाज उथळ तरंगते, तेव्हा खोली कमी न लावल्यास पाणतीर खालून निघून जाई.

न फुटणारे पाणतीर हा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकी मार्क-१४ मध्ये तीन दोष होते व प्रत्येकाने पुढचा झाकला. तो लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे ३ मी. खाली धावे, जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अल्बनी येथे जाळ्यांवर सोडून हे सिद्ध झाले. चुंबकीय स्फोटक यंत्रणा बेभरवशाची होती. ती जून १९४३ मध्ये पॅसिफिक ताफ्यात बंद करण्यात आली. तेव्हा आघाताने चालणाऱ्या यंत्रणेचा दोष उघडा पडला. २४ जुलै १९४३ रोजी पॅसिफिकमधील ट्रुक बेटांजवळ ‘टिनोसा’ या अमेरिकी पाणबुडीने ‘तोनान मारू क्र. ३’ या तेलवाहू बनविलेल्या प्रचंड जहाजावर १५ पाणतीर सोडले. तिरके लागलेले फुटले, काटकोनात, म्हणजे आदर्श कोनात बसलेले आदळून पडले. सरळ धडकेच्या जोराने फायरिंग पिनच्या मार्गिका दबून ती अडके. पर्ल हार्बरला क्रेनवरून पोलादी पत्र्यावर पाणतीर टाकून हे तपासले व हलक्या धातूची पिन बसविली. १९४४ मध्ये जपानी तेलवाहू ताफ्याचा झपाट्याने नाश झाला, त्यामागे डावपेचांइतकाच या दुरुस्तीचा वाटा मानावा लागतो.

भारताचा संबंध : मार्च १९४२ मध्ये माघार घेताना ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातील सीरियमचा तेलशुद्धीकरण कारखाना उद्ध्वस्त केला. त्यानंतर देशाची भिस्त इराणच्या आखातातून येणाऱ्या जहाजांवर वाढली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणाऱ्या ब्रिटिश हवाईदलाला लागणारे विमान-पेट्रोलही मुख्यतः समुद्रमार्गेच देशात येई. शिधावाटपाचे पेट्रोल आणि कोळसावायूवर चालणाऱ्या मोटारी या त्याच टंचाईच्या खुणा. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी हिंदी महासागरात जपानी आय-३७ पाणबुडीने ‘ब्रिटिश चिव्हॅलरी’ बुडविले व होड्यांतील खलाशांवर मशीनगन चालविली. वाचलेले ३७ दिवस पाण्यावर होते. भारतीय खलाशांची नोंद नावापलीकडे क्वचित जाते. मुंबईच्या खलाशी स्मारकात त्यांची स्मृती जपली आहे.

कायदा : १९३६ च्या लंडन प्रोटोकॉलनुसार खलाशांना सुरक्षित जागी पोहोचविल्याविना व्यापारी जहाज बुडविता येत नाही, आणि खुल्या समुद्रातील होडी सुरक्षित जागा धरली जात नाही. तोफा बसविलेले, ताफ्यात जाणारे तेलवाहू जहाज हे संरक्षण गमावते काय, यावर मतभेद आहेत. गमावते असे मानण्याकडे कल आहे. होडीतल्या माणसांवर गोळीबार कोणत्याही मताने समर्थनीय ठरत नाही.

अवशेष : बुडालेल्या टाक्यांत तेल दशकानुदशके राहते व गंज चढल्यावर गळते. जानेवारी १९४२ मध्ये यू-१२३ ने लाँग आयलंडजवळ बुडविलेल्या, वंगणतेलाच्या ‘कोइंब्रा’मधून २०१९ साली अमेरिकी तटरक्षक दलाच्या देखरेखीखाली लाखो लिटर तेल उपसण्यात आले. अशा कामात आधी कवचावर झडप बसवितात, तिच्यातून छिद्र पाडतात आणि मग तेल पंपाने वर खेचतात.